टाचेतला रक्ताचा थेंब इंदूरच्या बाळांचाही घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी एक नात नेदरलँड्सला जन्मली, दुसरी इथे इंदूरला. दोन्ही बाळंतपणांना मी होते, म्हणून हे पत्र.

तिकडे पहिला आठवडा नर्स घरी यायची. बाळाचं वजन, कावीळ, अंगावर पाजणं, सगळं पाहायची. चौथ्या दिवशी एक बाई आल्या. त्यांनी बाळाचे कान तपासले, टाचेला टोचून जाड कागदावर रक्ताचे थेंब घेतले आणि तो कागद पोस्टाने प्रयोगशाळेत गेला. पंचवीसहून जास्त आजारांची ही तपासणी तिथे फुकट होते. इथे खासगी रुग्णालयात विषय मीच काढला, तेव्हा दरपत्रक पुढे आलं. पैसे भरूनही रिपोर्ट आम्हालाच फोन करकरून मिळवावा लागला. आमच्या पोळ्यांच्या बाईंची सून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. लसी वेळेवर मिळाल्या, पण टाच कुणी टोचली नाही.

सगळे आजार एकदम नकोत, निदान थायरॉइड तरी तपासा. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ सुरुवातीला शांत, झोपाळू दिसतं. ‘किती गुणी, रडतच नाही’ असं कौतुक करण्यात आपले महत्त्वाचे आठवडे जातात आणि मेंदूची वाढ खुंटते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर हे टळू शकतं. औषध म्हणजे एक स्वस्त गोळी, दुधात चुरून रोज द्यायची. भारतात साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एकाला हा आजार असतो. केरळच्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते, मग मध्य प्रदेशात का नाही?

हे रक्त जन्मानंतर ४८ तासांनी घेणं बरं, आणि तोवर बाळंतीण घरी निघालेली असते. पण आशाताईंच्या गृहभेटी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ठरलेल्याच आहेत! त्यांना किंवा सोबतच्या नर्सला शिकवा, वेगळं मानधन द्या. नमुने एमजीएम मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासता येतील. दोष आढळला तर त्याच दिवशी आईला फोन गेलाच पाहिजे, आणि पुढची वर्षं डोस ठरवायच्या रक्ततपासण्याही चुकता कामा नयेत. नुसता कागद भरून बाळ बरं होत नाही.

आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न भोपाळच्या आरोग्य विभागाला विचारावा आणि उत्तर छापावं, ही विनंती.

आपली,
एक आजी
लोकमान्य नगर, इंदूर