आईची खाट काचेच्या आत हवी

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

मी नवजात अतिदक्षता विभागातली परिचारिका. नव्या कक्षाचं उद्घाटन झालं की वॉर्मर किती आले, व्हेंटिलेटर किती आले, हे छापून येतं. आईला पाठ टेकायला जागा किती, हे मी कुठल्याच बातमीत वाचलेलं नाही. पत्र तेवढ्यासाठीच.

दीड किलोचं बाळ जन्मलं की आम्ही ते पुसतो, गुंडाळतो आणि आत आणतो. आई दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी ती पोटाच्या टाक्यांवर हात दाबत जिना चढते, काचेशी उभी राहते आणि विचारते, "यातलं माझं कुठलं?" मी बोट दाखवते.

आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवायची कांगारू पद्धत नवी नाही. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. पण आम्हाला शिकवलं गेलं ते असं, की आधी बाळ स्थिर होऊ दे, मग आईकडे दे. हा 'मग' उजाडायला दोन-तीन दिवस सहज जातात, आणि कमी वजनाची बरीच बाळं नेमकी त्याच दिवसांत जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत 3,211 बाळांवर हा क्रमच तपासला गेला. वजन एक किलो ते 1,799 ग्रॅम. एका गटात स्थिर होण्याची वाट न पाहता बाळ आईच्या छातीशी दिलं, साधारण सव्वा तासात. दुसऱ्या गटात नेहमीसारखं, साधारण 54 तासांनी. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या गटात 15.7 टक्के बाळं दगावली, लगेच दिलेल्यांत 12 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. उरलेल्यांना आईपासून दूर ठेवणं योग्य नव्हतं. निष्कर्ष मे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे 27 बाळं लगेच आईकडे दिली तर एक जास्तीचं वाचतं. आमच्या हाताखालून एवढी बाळं जायला फार दिवस लागत नाहीत, साहेब.

आई आत आली तर जंतू घेऊन येईल, असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. दार मीच लावून घेतलंय. या चाचणीत जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळं आईजवळच्या गटात कमी निघाली: 22.9 टक्के, दुसरीकडे 27.8.

आता खरी गोम. ही बाळं दिवसाला सुमारे 17 तास छातीशी होती. आमच्याकडे आईला मिळतं ते प्लॅस्टिकचं स्टूल. ओल्या बाळंतिणीने त्यावर सतरा तास कसे काढावेत? त्या रुग्णालयांनी आयांच्या खाटा नवजात विभागातच मांडल्या, त्यांची तपासणी आणि औषधंही तिथेच दिली. आमच्याकडे आई प्रसूती विभागाची, बाळ आमचं. फायली दोन, राउंड दोन. आईचा रक्तदाब बघायला माझ्या विभागात कुणी यायचं, यावरच आमचं अडतं.

यंत्रं नकोत असं नाही. जन्मानंतर तासाभरात स्वतःहून श्वास न घेऊ शकणारी बाळं या चाचणीत नव्हती. त्यांना व्हेंटिलेटरच हवा. पण महागडं उपकरण आणलं की बाळ वाचलंच, असंही नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळांचं शरीर थंड ठेवण्याचा उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात तपासला गेला. थंड ठेवलेल्यांत 42 टक्के मृत्यू, न ठेवलेल्यांत 31. हेही 2021 चंच.

2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आहे: जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला 8 ते 24 तास. कागद आहे, खाट नाही.

तेव्हा नव्या विभागांचे नकाशे आपल्या टेबलावर येतील, तेव्हा बाळाच्या प्रत्येक जागेशेजारी आईची खाट दाखवलेली नसेल तर ते परत पाठवा. जुन्या विभागांना निदान मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या द्या, आणि बाळंतिणीचा राउंड आमच्याकडेच होईल असा लेखी आदेश काढा. आई बेशुद्ध असेल तर वडील किंवा आजी चालतील, चाचणीतही आईच्या जागी घरचं माणूस चालत होतं. त्यांनाही आत येऊ द्या. तोंडी सांगितलं तर दारावरचा माणूस ऐकत नाही.

आपली,
नवजात विभागातली एक परिचारिका