अठराव्या वर्षी उपचार संपत नाहीत

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

माझा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेली होती. ओठाची शस्त्रक्रिया चौथ्या महिन्यात, टाळूची दीड वर्षाची असताना आणि हिरडीत हाड भरण्याची दहाव्या वर्षी झाली. मागे राहिलेला वरचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया मात्र चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे साधारण अठराव्या वर्षानंतर करतात आणि नाकाची त्याहून नंतर. मुलांची तपासणी करून मोफत उपचार देणाऱ्या, २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे. परंतु त्याची वयोमर्यादा अठरा वर्षे आहे. डॉक्टर ज्या वयाची वाट पाहायला सांगतात, नेमक्या त्याच वयात आमचे नाव यादीतून जाते.

त्यानंतरची वर्षे महाविद्यालयाची आणि नोकरीची असतात. बोलताना हवा नाकातून निसटत असल्यामुळे माझा ‘ब’ ऐकणाऱ्याला ‘म’ वाटतो. भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी ‘बल’ म्हटले, ते ‘मल’ ऐकू आले आणि परीक्षकांसह सगळे हसले. पुढच्या प्रश्नांची उत्तरे येत असूनही मी गप्प राहिले. आज मी लेखा विभागात काम करते. हिशेबात माझी चूक सापडत नाही, तरीही मुलाखतीत पहिला प्रश्न ‘फोनवर बोलता येईल का?’ हाच होता. जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी दातांना अनेक महिने तारा लावाव्या लागतात आणि नंतर काही आठवडे पातळ अन्नावर राहावे लागते; हजेरी, रजा आणि खर्च यांचा मेळ न बसल्याने माझी शस्त्रक्रिया अजून राहिली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा उल्लेख आहे; पण कलम ३४ मधील सरकारी नोकऱ्यांच्या आरक्षणात त्याला स्वतंत्र स्थान नाही. म्हणून उपचार पूर्ण होणे आमच्यासाठी अधिकच महत्त्वाचे आहे.

माझी विनंती अशी, की अठरा वर्षांपूर्वी नोंद झालेल्या दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या प्रत्येक रुग्णाला, वय कितीही झाले तरी, शेवटच्या शस्त्रक्रियेपर्यंत आणि त्यानंतरच्या वाचोपचारापर्यंत राज्याने मोफत उपचार द्यावेत. तसेच उच्च शिक्षण विभागाशी बोलून, अशा विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत उत्तरे लिहून देण्याची मुभा मिळवून द्यावी. माझ्या शेजारच्या मुलाला येत्या वर्षी अठरा पूर्ण होत आहेत. निर्णय त्याआधी व्हावा.

आपली विश्वासू,
नांदेड येथील एक नोकरदार तरुणी