फळ्यावरचे समीकरण मोठ्याने वाचणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

प्रबंध मंजूर झाल्याचे कळले तेव्हा पहिली आठवण तुमची झाली, माझ्या मार्गदर्शकांची नव्हे. हे मी त्यांनाही सांगितले आहे आणि ते रागावलेले नाहीत.

समाजशास्त्राच्या दृष्टिहीन विद्यार्थिनीला संख्याशास्त्र शिकायचे आहे, हे ऐकून आमच्या विभागात ‘आकडेमोड हा आपला प्रांत नाही’ असे सांगण्यात आले, तर दुसरीकडे ‘आलेख दिसत नसताना ठिपक्यांमधून जाणारी रिग्रेशनची रेषा कळणार कशी?’ असा प्रश्न आला. दोन्हीकडे भाषा अतिशय सौम्य होती. समावेशनाचे धोरणही मला तत्परतेने पाठवण्यात आले, परंतु ती पीडीएफ म्हणजे छापील कागदांची छायाचित्रे असल्याने माझ्या स्क्रीन रीडरला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही.

तुमच्या पहिल्या तासालाही ‘ह्याला ह्याने भागा आणि हे तिकडे न्या’ असेच चालले होते. तास संपल्यावर मी चाचरत अडचण सांगितली, तुम्ही नुसते ‘बरं’ म्हणालात आणि मी मनातल्या मनात तो विषय सोडून दिला. दुसऱ्या तासाला मात्र खडूच्या आवाजाबरोबर तुमचा आवाज येऊ लागला : ‘सिग्मा, कंसात एक्स आय उणे एक्स बार, कंस पूर्ण, त्याचा वर्ग.’ हे कोणासाठी चालले आहे, याचा उच्चार तुम्ही वर्षभरात एकदाही केला नाहीत. कंस नेमका कुठे संपतो हे आता आपल्यालाही कळते, असे शेजारची मुले म्हणू लागली, तेव्हा मला गंमत वाटली.

पुढे तुम्ही पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र आणलात. मध्याच्या दोन्ही बाजूंना, एकेका प्रमाण विचलनावर, म्हणजे आकड्यांचा पसारा मोजणाऱ्या मापाइतक्या अंतरावर, गाठ मारलेली होती. त्या दोन गाठींच्या मध्ये सुमारे 68 टक्के निरीक्षणे येतात, हे मी पाठ केलेले होते. पण वक्राचा बाक नेमका त्या गाठींपाशीच उलटतो, हे माझ्या बोटांना त्या दिवशी कळले.

अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञांचा उल्लेख तुमच्याकडूनच प्रथम ऐकला. अंध व्यक्तीला गणित झेपणार नाही, या सल्ल्यामुळे ते मानसशास्त्राकडे वळले, पुढे गणिताकडे परतले, आणि ब्रेलच्या सहा टिंबांत गणित लिहिण्याची त्यांची पद्धत 1952 साली प्रसिद्ध झाली. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातील 24 वे कलम उच्च शिक्षणातही वाजवी सोयी द्याव्यात असे सांगते. ते तुम्ही वाचले होते की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारले नाही आणि आता विचारावेसेही वाटत नाही.

एक विनंती आहे. पुढच्या सत्रात इतिहासाचा एक विद्यार्थी तुमच्या वर्गात बसू इच्छितो. त्याला ऐकू येत नाही, तो ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेतो. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलण्याची जी सवय तुम्ही माझ्यासाठी लावून घेतलीत, ती त्याच्यासाठी मोडावी लागेल. आधी लिहून मग वर्गाकडे वळून वाचलेत, तर कदाचित दोन्ही साधेल. त्याला तुमच्याकडे पाठवते आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी