लाटांची वीज हवी तर बंधाऱ्यातून घ्या

प्रति,
मा. बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

लाटांपासून वीज करायची तर खोल समुद्रात तरंगती यंत्रे सोडू नयेत. नवा लाटरोधक बंधारा बांधतानाच त्याच्या भिंतीत सोय करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पोर्तुगालमध्ये अगुसादोराजवळ २००८ साली प्रत्येकी ७५० किलोवॅटची तीन तरंगती यंत्रे सोडली होती. बेअरिंग बिघडल्याने काही महिन्यांतच ती बंदरात ओढून आणावी लागली. कोकणात जून-जुलैत दुरुस्तीची बोट तिथवर पोहोचणारही नाही. शिवाय नांगराच्या साखळ्यांत जाळी फाटतील ती मच्छीमारांची.

स्पेनच्या मुत्रिकू बंदरात २०११ पासून बंधाऱ्याच्या भिंतीतच १६ हवाकोठ्या आहेत, प्रत्येकीवर १८.५ किलोवॅटचे टर्बाइन. लाट कोठीत चढली की हवा बाहेर ढकलली जाते, उतरली की आत खेचली जाते. वेल्स टर्बाइन दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरते. पाण्याखाली फिरणारा एकही भाग नाही. केरळात विळिंजमला १९९१ मध्येच याच तत्त्वावर १५० किलोवॅटचे केंद्र उभे राहिले होते, म्हणजे देशाला हे तंत्र अनोळखी नाही.

जुन्या बंधाऱ्याच्या टेट्रापॉडच्या (चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांच्या) उतारात कोठी बसवायची तर बंधाराच फोडावा लागेल, म्हणून हे आराखड्यातच ठरायला हवे. उधाणाच्या ओहोटीलाही कोठीचे तोंड पाण्याखाली राहिले पाहिजे. उघडे पडले की हवा निसटते आणि दाबच तयार होत नाही. तोंडाशी गाळ साचणार असेल तर ती जागा सोडून द्यावी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट किमान एम ४० दर्जाचे आणि सळईवर ७५ मिमी काँक्रीटचे कव्हर हवे. पात्यांवर खारवा बसून त्यांचा आकार बिघडतो, तेव्हा गोड्या पाण्याने धुण्याची नळजोडणी आधीच द्यावी. मोठी लाट आली की वेल्स टर्बाइनची पाती दम सोडतात, म्हणजे हवेचा झोत जास्त होऊन त्यांचा जोर एकदम घटतो, त्यासाठी प्रत्येक कोठीला दाब सोडणारी झडप आणि स्वतंत्र बंद करता येणारे दार हवे. एक कोठी बिघडली म्हणून बाकीच्या थांबू नयेत.

वीज लाटेच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते: आवर्तन (दोन लाटांमधला वेळ) तेच असेल तर ३ मीटरची लाट १ मीटरच्या नऊपट ऊर्जा आणते. त्यामुळे पावसाळ्यात भरपूर वीज, हिवाळ्यात नावापुरती. बर्फ कारखान्याच्या भरवशावर हिशेब मांडला तर तो फसेल, कारण ऐन विजेच्या दिवसांत मासेमारीबंदी असते. ही वीज ग्रिडलाच द्यावी. ढगांमुळे सौर वीज घटते नेमकी तेव्हा ती मिळेल.

निविदा काढण्याआधी भिंतीच्या नियोजित जागीच पूर्ण वर्षभर लाटा मोजाव्यात. खोल समुद्रातले आकडे चालणार नाहीत, उथळ पाण्यात येईपर्यंत लाटेचा बराच जोर तळाशी घासून जातो.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील अभियंते व मच्छीमार