देणगी गोळा करण्याचा खर्चही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील ७८ वर्षांचे असून निवृत्तिवेतनावर राहतात. गेल्या दिवाळीत त्यांचे पासबुक भरून आणले, तेव्हा त्यात दरमहा ८०० रुपयांची एक वजावट सलग अकरा महिने चालू असल्याचे दिसले. रेल्वे स्थानकाबाहेरच्या पुलाखाली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका तरुणाने त्यांना नाकात नळ्या घातलेल्या तान्ह्या बाळाचा लॅमिनेट केलेला फोटो दाखवला होता, ‘आजोबा, याच्याकडे फक्त दोन दिवस आहेत’ असे सांगितले होते आणि त्यांच्याच मोबाइलवर पिन टाकून घेतला होता. आपण एकदाच ८०० रुपये दिले, अशी वडिलांची समजूत. प्रत्यक्षात ती ऑटो-पेची, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची संमती होती. अशा वजावटीची सूचना २४ तास आधी द्यावी लागते आणि ती येतही होती, पण इंग्रजीत आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत. मी त्या पुलाखाली गेलो, तर तोच फोटो आणि तीच दोन दिवसांची मुदत घेऊन स्टॉल तिथेच उभा होता.

तो तरुण देणगी घेणाऱ्या संस्थेचा नव्हे, तर निधी गोळा करून देणाऱ्या एजन्सीचा नोकर निघाला. दिवसाला किती देणगीदार जोडायचे याचे त्याला टार्गेट असते. भर उन्हात उभ्या असलेल्या त्या मुलावर माझा राग नाही. परंतु वडिलांच्या ८,८०० रुपयांपैकी एजन्सीकडे किती गेले आणि बाळांपर्यंत किती पोहोचले, हे ना त्याला सांगता आले ना संस्थेला. दोन ई-मेल पाठवल्यावर संस्थेकडून पावत्या पुन्हा आल्या, आकडा आला नाही.

हा आकडा विचारायचा कुठे, हे शोधताना जे आढळले ते अधिक चिंताजनक आहे. आपल्याकडील नोंदणीकृत न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय कार्यालयाला लेखापरीक्षित हिशेब सादर करतात. त्यासाठीच्या अनुसूची नऊमधील उत्पन्न-खर्चाच्या नमुन्यात आस्थापना खर्च, लेखापरीक्षण शुल्क, किरकोळ खर्च आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च असे रकाने आहेत. देणग्या मिळवण्यासाठी किती खर्च झाला, याचा रकाना नाही. त्यामुळे एजन्सीचे बिल आस्थापनेत दाखवायचे की ‘जनजागृती’ म्हणून उद्दिष्टांच्या खर्चात, हे लिहिणाऱ्याच्या मनावर राहते. प्राप्तिकर कायद्यातील ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांसाठी वापरण्याच्या अटीचा बराच गवगवा होतो, पण पगार, भाडे असा संस्था चालवण्याचा खर्चही सर्वसाधारणपणे त्या ८५ टक्क्यांतच मोजला जातो. याउलट परदेशातून येणाऱ्या देणगीच्या बाबतीत २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे. परदेशी देणगीदाराच्या पैशाला जी मर्यादा आहे, ती डोंबिवलीच्या पेन्शनरच्या पैशाला का नसावी?

संस्था चालवायला पैसा लागतो, पगार द्यावे लागतात, हे मला मान्य आहे. कार्यकर्त्यांनी उपाशीपोटी सेवा करावी, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आक्षेप आहे तो भीती घालून पैसे काढण्याला आणि नंतर हिशेब झाकण्याला. देणगी मागणाऱ्या फोनवर ‘८० जी’चे, म्हणजे देणगीवरील करसवलतीचे प्रमाणपत्र मिळेल, कर वाचेल, असे आवर्जून सांगितले जाते. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळतच नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय ‘८० जी’ म्हणजे संस्थेच्या कामाला सरकारने दिलेला दाखला, असा अनेक ज्येष्ठांचा गैरसमज असतो, तोही तसाच राहू दिला जातो. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने पीडितांची प्रतिष्ठा घालवणारी विदारक चित्रे दाखवू नयेत, न देणाऱ्याला लाज वाटेल असे सुचवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत; पण पुलाखालच्या फोटोपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाहीत.

आमच्या गल्लीतले गणेशोत्सव मंडळ दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन वर्गणी गोळा करते आणि नंतर अहवाल छापते. त्यात ५१ रुपये देणाऱ्याचेही नाव असते आणि वर्गणीची पावतीपुस्तके छापायला किती लागले तेही असते. (मांडवाच्या खर्चावरून भांडणे होतात, ती वेगळी.)

धर्मादाय आयुक्तांना विनंती आहे की, अनुसूची नऊमध्ये निधिसंकलनाच्या खर्चाचा स्वतंत्र रकाना घालण्याची शिफारस त्यांनी शासनाकडे करावी आणि ठरावीक रकमेपुढे देणग्या गोळा करणाऱ्या न्यासांचा हा आकडा कार्यालयाच्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध करावा. पुलाखाली उभ्या राहणाऱ्या प्रतिनिधीने आपण संस्थेचे की एजन्सीचे आणि देणगी एकदाची की दरमहा, हे पिन मागण्यापूर्वी लेखी दाखवणेही सक्तीचे व्हावे.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली