झाडं असली तरी टँकमधलं पाणी हलायलाच हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फिशटँक घेणाऱ्यांना दुकानात हल्ली सर्रास सांगतात की आत खरी झाडं लावताय ना, मग एअर पंप कशाला, झाडंच ऑक्सिजन देतील. मलाही हेच सांगितलं होतं आणि गेल्या मे महिन्यात सकाळी सहाला उठून बघतो तर ६० लिटरच्या टँकमधले टेट्रा सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत आणि नऊ तळाशी मरून पडलेले. दीड वर्ष सांभाळलेले मासे होते, फार वाईट वाटलं.

झाडं ऑक्सिजन सोडतात हे खरं, पण उजेड असेपर्यंतच. लाईट बंद झाला की तीही फक्त श्वास घेतात, म्हणजे रात्रभर मासे, झाडं, गोगलगायी, फिल्टरमधले बॅक्टेरिया सगळे त्याच पाण्यातला ऑक्सिजन वापरणार. रात्री झाडाखाली झोपू नये असं आजी म्हणायची, ते मोकळ्या अंगणात फारसं लागू नसेल पण काचेच्या पेटीत अगदी लागू आहे. त्यात उन्हाळा, २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. माझ्याकडे तर झाडांसाठी लावलेला सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडरही रात्रभर चालू होता आणि पाण्यावर तेलकट तवंग धरलेला.

बऱ्याच जणांना वाटतं की बुडबुड्यातून ऑक्सिजन पाण्यात जातो. थोडा जातोही, पण खरं काम पाण्याच्या वरच्या थरावर होतं, तिथे पाणी हललं की हवेतला ऑक्सिजन आत येतो आणि साठलेला सीओटू बाहेर पडतो. म्हणून फिल्टरचा पाईप असा वळवायचा की वर सतत बारीक लाटा दिसल्या पाहिजेत, मग तवंगही धरत नाही. सीओटू देणारे म्हणतात की पाणी हलवलं तर महागाचा गॅस उडून जातो, ते चूक नाही, पण त्याला उपाय आहे, टायमर लावा, लाईटबरोबर गॅस बंद आणि एअर पंप चालू. मी तेव्हापासून हेच करतोय आणि सकाळी मासे वर आलेले पुन्हा दिसले नाहीत.

खालचं पाणीही फिरायला हवं. दाट झाडांच्या मागे पाणी साचून राहिलं की तिथे खत पोचत नाही, घाण बसते, शेवाळ धरतं. प्रत्येक कोपऱ्यातलं पान हळूहळू डुलताना दिसलं म्हणजे बरोबर. किती जोर हवा हे माशावर आहे, डेनिसन बार्ब हा केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यातला मासा, त्याला जोराचं पाणी आवडतं, उलट फायटर बिचारा त्यात दमून जातो. फायटर आणि गुरामी वर येऊन थेट हवा घेतात, त्यामुळे ते तगले म्हणजे पाणी चांगलं असं समजू नका.

अजून एक, लाईट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवाच आणि साधा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर तो बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं घरात येऊ शकतं.

उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून हे पत्र आत्ताच छापावं ही विनंती.

– एक वाचक, ठाणे