सर्व्हरमध्ये सेल (सीपीयू आणि मेमरीचा बोर्ड) वाढवताना झालेल्या निष्काळजी कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

चाकण येथील आमच्या कारखान्यातल्या एचपी इंटिग्रिटी आरएक्स ८६४० सर्व्हरची देखभाल वार्षिक करारानुसार आपल्याकडे आहे. त्यातल्या एका एन-पार्टिशनवर (हार्डवेअरच्या पातळीवर वेगळ्या केलेल्या भागावर) एचपी-यूएक्स ११आय व्ही३ या ऑपरेटिंग सिस्टिमची तीन व्हर्च्युअल पार्टिशन्स (सॉफ्टवेअरने पाडलेले स्वतंत्र भाग) चालतात: डेटाबेस, ईआरपी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणारी प्रणाली) आणि चाचणी. या एन-पार्टिशनला आणखी एक सेल जोडायचा होता. फक्त चाचणीचं पार्टिशन बंद करावं लागेल, बाकीची दोन चालू राहतील, असं आपल्या इंजिनिअरने ईमेलने कळवलं. त्या भरवशावर आम्ही गेल्या गुरुवारी भर दुपारी काम करायला परवानगी दिली.

एन-पार्टिशनची रचना बदलणारी 'पारमॉडिफाय' ही कमांड चालवून त्यांनी चाचणीचं पार्टिशन रीबूट केलं. ते परत आलंच नाही, आणि येणारही नव्हतं. असा सेल जोडला की 'रीबूट फॉर रीकॉन्फिग' (नवी रचना लागू करण्यासाठीचं रीबूट) प्रलंबित होतं आणि ते अख्ख्या एन-पार्टिशनला लागू असतं. आतली सगळी व्हर्च्युअल पार्टिशन्स बंद करून मॉनिटर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) रीबूट होईपर्यंत, बंद झालेलं एकही पार्टिशन बूट होत नाही. उत्पादकाच्या व्हीपार्स (व्हर्च्युअल पार्टिशन्स) मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या इंजिनिअरने मात्र कारण न शोधता ईआरपीचं पार्टिशनही रीबूट करून पाहिलं. तेही अडकलं. चालू पाळीत डिस्पॅच थांबलं, चलनं निघेनात, भरलेले ट्रक गेटवर खोळंबले. शेवटी डेटाबेसही बंद करावा लागला. रविवारी सुट्टीच्या दिवशी हेच काम कोणालाही त्रास न होता झालं असतं. आम्हाला फक्त खरं काय ते आधी सांगायला हवं होतं.

एवढं होऊनही काम अर्धवटच आहे. नव्या सेलमधले सीपीयू आपोआप कुठल्याही व्हर्च्युअल पार्टिशनला मिळत नाहीत, ते 'व्हीपारमॉडिफाय' या कमांडने द्यावे लागतात. मोकळी संसाधनं दाखवणारी 'व्हीपारस्टेटस -ए' ही कमांड चालवून पाहिलं तर ते आजही मोकळे पडलेले दिसतात. ज्या डेटाबेससाठी सेल घेतला, त्याला अजून काहीच मिळालेलं नाही.

सीपीयू आणि मेमरीचं वाटप करण्यासाठी व्हीपार्सवर प्रत्यक्ष काम केलेला इंजिनिअर या आठवड्यात पाठवावा. येण्याआधी प्रत्येक टप्प्यावर कोणतं पार्टिशन बंद राहील हे लेखी कळवावं. गुरुवारच्या घटनेचा कारणांसह अहवालही हवा आहे. तोपर्यंत सर्व्हिस रिपोर्टवर आम्ही सही करणार नाही आणि या कामाचं बिलही मंजूर होणार नाही.

आपला,
विभागप्रमुख, संगणक विभाग